उन्हाशी झगडणारी काच

भर दुपारच्या उन्हात मासेमारीच्या बोटीवर उभा असलेला तांडेल समोरच्या यंत्राच्या पडद्यावर एका हाताची सावली धरतो, मान वाकडी करतो आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने हवी ती खूण शोधू लागतो. पडद्यावर त्याला खडक दिसावा, खोली दिसावी, परतीची वाट दिसावी. प्रत्यक्षात दिसते ते त्याच्या स्वतःच्या टोपीचे प्रतिबिंब आणि त्यामागचे पांढरे आभाळ. शेताच्या बांधावर मोजणी करणारा कर्मचारी, पेट्रोलपंपावरचा मुलगा, एस. टी. स्थानकाच्या उघड्या फलाटावर तिकीट काढू पाहणारा प्रवासी, या सर्वांची अडचण हीच असते. बोटाच्या स्पर्शाने चालणारा पडदा, ज्याला आता सर्वत्र टचस्क्रीन म्हणतात, तो घरात आज्ञाधारक असतो आणि उंबऱ्याबाहेर पडताच आंधळा होतो. असे का होते आणि उन्हातही वाचता येईल असा पडदा कसा निवडावा, या प्रश्नाचे उत्तर दुकानदाराच्या कागदावर सहसा मिळत नाही. ते या पडद्याच्या इतिहासात मात्र बरेच सापडते.

हा इतिहास अंधाऱ्या खोलीत सुरू झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतरही बरीच वर्षे रडारचा फिकट ठिपका पाहण्यासाठी माणसे पडदे ओढून, दिवे मंद करून बसत. इंग्लंडमधील माल्व्हर्न या गावी रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंट ही सरकारी संशोधनसंस्था होती. तेथील ई. ए. जॉन्सन या अभियंत्याने 1965 साली ‘इलेक्ट्रॉनिक्स लेटर्स’ या नियतकालिकात एक छोटेसे टिपण प्रसिद्ध केले. विमानांच्या वाहतुकीचे नियंत्रण करणाऱ्या माणसाने कळफलक बडवीत बसण्याऐवजी पडद्यावरच्या नावालाच बोट लावावे, अशी ती कल्पना. पडद्यावर बारीक तारा बसविलेल्या. बोट लागले की तारेची विद्युत् धारणा किंचित बदले आणि यंत्राला स्पर्श उमगे. टचस्क्रीनची पहिली ठाम मांडणी हीच, असे सामान्यतः मानले जाते. परंतु जॉन्सनच्या नळीवर ऊन पडण्याचा प्रश्नच नव्हता.

पुढील काही वर्षांत असेच प्रयोग ठिकठिकाणी झाले. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात 1972 साली ‘प्लेटो’ नावाच्या शिक्षणयंत्रणेचा जो नवा अवतार आला, त्याच्या नारिंगी पडद्याच्या कडांवर अवरक्त किरणांचे दिवे ओळीने लावलेले होते. किरण अदृश्य, बोटाने ते अडले की सोळा गुणिले सोळा चौकटींपैकी नेमक्या कोणत्या चौकटीत उत्तर दिले ते समजे. शाळकरी मुलांसाठी केलेली ही योजना मोठी हुशारीची होती. पण सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण ओतप्रोत असतात, आणि ते थेट ग्राहकावर पडले तर त्याला बोट कोणते आणि ऊन कोणते हे कळेनासे होते. पुढे किरण ठरावीक तालात लुकलुकवून आणि गाळण्या लावून या दोषावर बराच इलाज करण्यात आला. तरीही उघड्या जागेसाठी अशी जात घेताना ती उन्हासाठीच बनविलेली आहे काय, हे विचारून घेणे बरे.

जिनीव्हाजवळच्या सर्न या अणुसंशोधन केंद्रात फ्रँक बेक आणि बेंट श्टुम्पे यांनी 1973 च्या सुमारास धारणेवर चालणारा पारदर्शक पडदा सिद्ध केला. 1976 साली सुरू झालेल्या तेथील प्रचंड कणत्वरकाच्या नियंत्रणकक्षात तो वापरात आला. त्याच दशकात अमेरिकेत सॅम हर्स्ट यांनी दुसरा मार्ग धरला. आलेखांच्या लांबलचक पट्ट्यांवरून आकडे वाचण्याचा कंटाळवाणा उद्योग टाळण्याच्या खटपटीतून त्यांची युक्ती निघाली. विद्युत्‌वाहक लेप दिलेले दोन थर मध्ये किंचित पोकळी ठेवून समोरासमोर ठेवायचे; वरचा दाबला की तो खालच्याला टेकतो आणि जागा कळते. यास बाजारात रेझिस्टिव्ह म्हणतात. हातमोजा असो, काडी असो, ओले बोट असो, तो भेदभाव करीत नाही. म्हणूनच कारखाने, दुकानांचे गल्ले आणि रुग्णालये यांत त्याने दीर्घकाळ राज्य केले. मात्र मधली ती पोकळी उन्हात शत्रू ठरते. ते कसे, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

काच पारदर्शक असते असे आपण म्हणतो. ते अर्धसत्य आहे. हवेतून काचेत आणि काचेतून हवेत जाताना प्रत्येक वेळी सुमारे 4 टक्के प्रकाश माघारी फिरतो. खिडकीच्या एका तावदानाला दोन अंगे, म्हणजे सुमारे 8 टक्के प्रकाश परत. पडद्यापुढे आणखी एक काच, मध्ये हवा, त्यावर विद्युत्‌वाहक लेप, असे थर वाढले की ही गळती वाढत जाते. आणि इंडियम व कथील यांच्या ऑक्साइडचा जो पारदर्शक लेप स्पर्श ओळखण्यासाठी वापरतात, तो साध्या काचेहूनही अधिक प्रकाश परतवितो.

आता उन्हाचा आकडा पाहावा. दिव्याखालच्या कचेरीत टेबलावर 300 ते 500 लक्स प्रकाश पडतो. भर दुपारच्या उन्हात तोच सुमारे 1,00,000 लक्स असतो. अशा उन्हात ठेवलेला पांढरा कागद दर चौरस मीटरला सुमारे 25,000 कँडेला इतका उजळ दिसतो. या मापाला बाजारात ‘निट’ म्हणतात. घरातला साधा मॉनिटर मात्र 250 ते 300 निटच प्रकाश देतो. कागदाने सूर्यालाच आपला दिवा केले आहे, आणि मॉनिटर स्वतःची पणती घेऊन त्याच्याशी स्पर्धा करतो आहे! उन्हात वर्तमानपत्र डोळे दिपवते आणि पडदा मात्र काळोखा भासतो, याचे कारण एवढेच.

मग पणतीच मोठी करावी, असे प्रथम कोणालाही वाटते, आणि जाहिरातींचा सारा भर त्यावरच असतो. हजार निटांच्या पुढचा पडदा उन्हात वाचता येतो, हा बाजारातला रूढ संकेत आहे. तो सर्वस्वी खोटा नाही, पण अपुरा आहे. समजा, पडदा 300 निटांचा आहे आणि आभाळाचे जे प्रतिबिंब त्यावर पडते ते 500 निटांचे आहे. पडद्यावरची पांढरी जागा 800 दिसेल आणि काळी जागासुद्धा 500. म्हणजे पांढरे काळ्याच्या जेमतेम दीडपट. अक्षरे धुक्यात बुडणारच. आता पडदा 1,000 निटांचा घेतला तर पांढरे 1,500 आणि काळे 500, म्हणजे तिप्पट. बरे झाले, पण खर्च, उष्णता आणि विजेची मागणी मोठी वाढली. याउलट पडदा तोच 300 निटांचा ठेवून प्रतिबिंब तेवढे 500 वरून 100 वर आणले, तर पांढरे 400 आणि काळे 100, चौपट! दिवा न वाढवता केवळ काच सुधारल्याने तिप्पट प्रकाशाहून अधिक काम झाले. गिऱ्हाईक निटांचा आकडा विचारते आणि परावर्तनाचा विचारीत नाही, ही या व्यवहारातली सर्वांत महागडी चूक म्हटली पाहिजे.

काचेचे हे परत फेकणे कमी करण्याची विद्या टचस्क्रीनहून कितीतरी जुनी आहे. 1886 साली लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाच्या ध्यानात आले, की जुनी, हवेने किंचित मळकट झालेली काच नव्या काचेपेक्षा अधिक प्रकाश आरपार जाऊ देते. पुढे दुर्बिणीची भिंगे घडविणाऱ्या डेनिस टेलर यांनाही हाच अनुभव आला. 1935 साली जर्मनीत झाइस कारखान्यातील अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिशय पातळ लेप चढविण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. लेपाची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाइतकी ठेवली, की त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठांवरून परतणाऱ्या लाटा एकमेकींना मारतात. 1938 साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत कॅथरिन ब्लॉजेट या विदुषीने साबणासारख्या द्रव्याचे एकेका रेणूच्या जाडीचे 44 थर काचेवर चढवून जवळजवळ अदृश्य काच करून दाखविली. त्या काचेत एकच खोट होती: बोट लागले की लेप पुसला जाई. ज्या काचेला दिवसभर बोटच लागायचे आहे, तिच्यासाठी ही खोट केवढी! पुढे निर्वात पात्रात धातूंच्या क्षारांचे कठीण लेप देण्याची पद्धत आली आणि ती अडचण दूर झाली. तरीही हाताच्या तेलकटपणाने डाग पडावयाचे ते पडतातच. किंबहुना स्वच्छ काचेवर ते अधिकच उठून दिसतात.

येथे एक घोटाळा टाळावयास हवा. परावर्तन कमी करणारा लेप वेगळा आणि चकाकी मोडणारी खरखरीत काच वेगळी. दुसरीचा स्वभाव गोव्यातील जुन्या घरांच्या आणि चर्चच्या शिंपल्यांच्या तावदानांसारखा असतो. ती तावदाने बाहेरचे कडक ऊन मोडून, पसरून, दुधाळ करून आत सोडतात. प्रार्थनेला बसलेल्याच्या डोळ्यांना तो उजेड फार सुखाचा होतो. खरखरीत काच पडद्यापुढे हेच करते. खोलीतल्या दिव्याचे रेखीव प्रतिबिंब ती विसकटून टाकते, म्हणून कचेरीत ती उत्तम. पण थेट उन्हात ती प्रतिबिंब नाहीसे करीत नाही, साऱ्या पडद्यावर पसरवते, आणि मग सगळा पडदाच दुधाळ होतो. दुकानदार दोन्हींना बहुधा एकच नाव देतात; गिऱ्हाइकाने देऊ नये.

थरांमधल्या पोकळीवरचा इलाज असा, की ती पोकळीच ठेवू नये. स्पर्शाची काच आणि आतला पडदा यांच्यामध्ये काचेसारख्याच गुणांचा पारदर्शक डिंक भरून दोन्ही एकजीव करतात. मधली पृष्ठे जणू नाहीशी होतात आणि बाहेरचे एकच अंग परावर्तन करावयास उरते. त्यावर चांगला लेप दिला की ते 1 टक्क्याच्याही खाली येते. कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात याचा आणखी एक लाभ दिसतो: पोकळीच नसल्याने काचेच्या मागे दव साचत नाही. दाबून चालणाऱ्या रेझिस्टिव्ह पडद्यात मात्र दोन थरांमधली पोकळी ही त्याची जीवनशक्तीच असल्यामुळे तो इलाज तेथे पूर्णपणे लागू पडत नाही. धारणेवर चालणाऱ्या, म्हणजे कपॅसिटिव्ह, पडद्याला तो सहज लागू पडतो. 2007 साली आयफोन आल्यानंतर ही दुसरी जात सर्वत्र पसरली, त्यात या गुणाचाही वाटा आहे. तिचे वैगुण्य हे, की पावसाचे थेंब तिला कधी बोटांसारखे वाटतात आणि जाड हातमोजा तिला कळतच नाही.

आता माल्व्हर्नला पुन्हा जावे लागेल, कारण या कथेचा दुसरा धागाही तेथूनच गेला आहे. 1888 साली प्रागमधील फ्रीड्रिख रायनित्झर हा वनस्पतिशास्त्रज्ञ कोलेस्टेरॉलपासून बनविलेले एक द्रव्य तापवीत होता. 145.5 अंशांना ते वितळले, पण गढूळ राहिले, 178.5 अंशांना एकाएकी स्वच्छ झाले. एकाच पदार्थाला दोन वितळणबिंदू कसे, या कोड्यातून द्रव-स्फटिकांचा शोध लागला. पाऊण शतकाहून अधिक काळ हे प्रयोगशाळेतले कौतुक राहिले. 1968 साली अमेरिकेत आर. सी. ए. कंपनीच्या जॉर्ज हाइलमायर यांनी त्यांचा पडदा जगाला दाखविला. डिसेंबर 1970 मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे शाड्ट आणि हेल्फ्रिख यांनी पीळ दिलेल्या द्रव-स्फटिकाच्या रचनेचे पेटंट मागितले. आजच्या पडद्यांचे कुळ त्या रचनेपासून सुरू होते. पण टिकाऊ द्रव्य नव्हते. ते मिळविण्यासाठी माल्व्हर्नच्या संस्थेने हल विद्यापीठातील जॉर्ज ग्रे यांच्याशी करार केला. ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे द्रव्य शोधले, त्याची वार्ता 1973 साली प्रसिद्ध झाली आणि तीही ‘इलेक्ट्रॉनिक्स लेटर्स’मध्येच. स्पर्श आणि पडदा या दोहोंची जन्मनोंद एकाच नियतकालिकात व्हावी आणि दोन्हींमागे एकच संस्था असावी, हा योग चमत्कारिक खरा.

ग्रे यांचे ते मूळ द्रव्य सुमारे 35 अंशांनाच आपला द्रव-स्फटिकपणा सोडून देई. नागपूर किंवा ग्वाल्हेरचा उन्हाळा ज्याने सोसला आहे त्याला हा आकडा ऐकून हसू येईल. म्हणून माल्व्हर्नमध्येच पीटर रेन्स यांनी अनेक द्रव्यांचे मिश्रण सिद्ध केले. ते सुमारे 60 अंशांपर्यंत टिके, आणि आजची मिश्रणे त्याहून पुष्कळ पुढे गेली आहेत. तरीही धोका संपलेला नाही. उन्हात ठेवलेल्या पडद्यावर वरून सूर्य तापतो आणि आतून त्याचा स्वतःचा दिवा तापतो. रंगीत पडद्यातून मागच्या दिव्याचा दहावा हिस्सासुद्धा बाहेर येत नाही, बाकीच्याची उष्णताच होते. तापमान मर्यादेबाहेर गेले की पडद्यावर एक काळा डाग उमटतो आणि पसरत जातो. सावलीत नेले की निघून जातो. हा बिघाड नव्हे. रायनित्झरने परीक्षानळीत पाहिलेला दुसरा वितळणबिंदू तो हाच. तेव्हा उघड्यावर कायम बसवावयाच्या पडद्यासाठी किती तापमानापर्यंतचे द्रव वापरले आहे, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. 110 अंशांपर्यंत टिकणारे द्रव खास अशा कामासाठी मिळते. निटांच्या मागे धावून दिवा दुप्पट करणारा आपणच हा डाग ओढवून घेत नाही ना, हेही पाहावे.

द्रव-स्फटिकांच्या या हकिगतीत भारताचाही मानाचा भाग आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. बंगळूरच्या रामन संशोधनसंस्थेत एस. चंद्रशेखर आणि त्यांचे सहकारी सदाशिव व सुरेश यांनी 1977 साली थाळीच्या आकाराच्या रेणूंपासूनही द्रव-स्फटिक होतात असे दाखवून दिले. तोवर काडीसारख्या रेणूंचेच द्रव-स्फटिक ठाऊक होते. त्या वेळी याचा उपयोग काय, असे कोणीही विचारले असते. 1990 च्या दशकात जपानच्या फुजी कंपनीने अशाच थाळी-रेणूंची पातळ फीत तयार केली. ती लावली की पीळदार पडदा बाजूने पाहिला तरी काळवंडत नाही. बोटीवर किंवा बांधावर माणूस पडद्यासमोर सरळ उभा कधीच नसतो, हे लक्षात घेतले म्हणजे या फितीचे मोल कळते.

सूर्याशी भांडण्यापेक्षा त्याच्याशी संधी करावी, हा विचारही काही लोकांनी केला. 2007 साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट या लहानशा खेड्यातील शाळेत मुलांच्या हाती हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे संगणक आले. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा तो भारतातील प्रयोग होता. त्याचा पडदा मेरी लू जेप्सन यांनी मुद्दाम उघड्यावरच्या वापरासाठी रचला होता. घरात दिवा लावला की चित्र रंगीत. अंगणात उन्हात आणून दिवा विझविला की तेच चित्र काळ्या-पांढऱ्या रंगात आणि कागदासारखे स्वच्छ, कारण मागचा आरसा सूर्याचाच प्रकाश परत पाठवी. जेवढे ऊन कडक, तेवढी अक्षरे ठळक. विजेचा खर्चही कमी, आणि खेड्यातल्या शाळेत हा हिशेब कितव्या क्रमांकाचा असतो ते शिक्षकालाच विचारावे. तो पहिला पडदा स्पर्शाचा नव्हता. पण त्यातले तत्त्व स्पर्शाच्या पडद्यालाही लागू आहे. केवळ आकडे, नकाशा किंवा मजकूर पाहावयाचा असेल आणि रंगांचा हट्ट नसेल, तर असा परावर्ती पडदा किंवा पुस्तक वाचण्याच्या यंत्रातला विद्युत्-शाईचा पडदा उन्हात कोणत्याही हजार निटांना मागे टाकतो. सरकारी मोजणीसाठी किंवा शाळांसाठी घाऊक खरेदी करणारे याचा विचार क्वचितच करतात. निवड वातानुकूलित खोलीत होते आणि वापर माळरानावर.

खरेदीपूर्वीची परीक्षा सोपी आहे. पडदा बंद करून त्यात दुकानातल्या एखाद्या दिव्याचे प्रतिबिंब पाहावे. एकामागे एक सरकलेली दोन-तीन प्रतिबिंबे स्पष्ट दिसली तर आत पोकळी आहे. एकच आणि तेही मंद, जांभळट किंवा हिरवट दिसले तर काच एकजीव असून तिच्यावर चांगला लेप आहे. मग तो चालू करून दुपारी रस्त्यावर न्यावा, पाठीवर ऊन घेऊन आणि नंतर तोंडावर ऊन घेऊन वाचावा, ओल्या बोटाने चालवून पाहावा, आणि अर्धा तास उन्हातच राहू द्यावा.

काळा चष्मा वापरणाऱ्याने तो घालूनच ही परीक्षा करावी. 1929 साली एडविन लँड यांनी प्रकाशाचे ध्रुवण करणारी जी फीत शोधली, ती पाण्यावरची चकाकी मारण्यासाठी बऱ्याच चष्म्यांत असते आणि तशीच फीत द्रव-स्फटिकाच्या पडद्यावरही असते. दोन्ही एकमेकींना आडव्या आल्या तर भला उजळ पडदाही ठार काळा दिसतो. काही पडदे उभे धरले तर दिसतात, आडवे धरले तर नाहीत. समुद्रावर असा चष्मा सर्रास वापरतात. तांडेल मान वाकडी करून पाहतो, त्याचे कारण पुष्कळदा हेही असते.